तांदूळ हजेरीवर, मास्तर पटावर

फळ्याचा उजवा कोपरा आठवतोय का? मधोमध सुविचार, डावीकडे वार-दिनांक, आणि उजव्या कोपऱ्यात मॉनिटरने रोज सकाळी खडूने भरायचा तो छोटा तक्ता. पट ४२, हजर ३४, गैरहजर ८. आपल्यातल्या बहुतेकांनी तो तक्ता कधी ना कधी भरलाय, पण पट आणि हजर या दोन आकड्यांमधला फरक किती महागात पडू शकतो हे मला कळलं ते थेट कॅलिफोर्नियात, मुलगी इथल्या सरकारी शाळेत जायला लागल्यावर.

इथे शाळांना राज्य सरकारकडून जो मुख्य निधी मिळतो तो हजेरीवर मिळतो. शाळेत नाव किती मुलांचं आहे याच्याशी त्या हिशोबाला फारसं घेणंदेणं नाही, रोज प्रत्यक्ष वर्गात किती मुलं आली ते मोजतात, वर्षभराच्या त्या सगळ्या हजेऱ्यांची बेरीज करतात, तिला शाळा जितके दिवस भरली तितक्या दिवसांनी भागतात, आणि जो आकडा येतो त्याला म्हणतात ॲव्हरेज डेली अटेंडन्स, म्हणजे सरासरी रोजची हजेरी. इथल्या शाळांच्या बोलण्यात हा शब्द नुसता एडीए म्हणून येतो आणि सतत येतो. अमेरिकेतली बहुतेक राज्यं या ना त्या प्रकारे पटावर पैसे देतात, हजेरीवर देणारी अगदी मोजकी, त्यात कॅलिफोर्निया आणि टेक्सास ही दोन सगळ्यात मोठी. पूर्वी इलिनॉयसुद्धा हजेरी मोजायचं, २०१७ मध्ये त्यांनी सूत्र बदललं आणि पट धरायला लागले. मिसिसिपीने २०२४ मध्ये तेच केलं. कॅलिफोर्नियात मात्र वाद अजून चालूच आहे की आपण बदलायचं का नाही, आणि इथे सरकारी शाळांत ५८ लाखांच्या आसपास मुलं आहेत, त्यामुळे हा वाद लहान नाही.

आता आकडे बघू, कारण आकडे बघितल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही. २०१३ पासून इथे एक सूत्र आहे, लोकल कंट्रोल फंडिंग फॉर्म्युला, राज्यपाल जेरी ब्राऊन यांच्या काळात आलेलं. त्यात इयत्तेप्रमाणे दर ठरलेला असतो. २०२४-२५ साली चौथी ते सहावीच्या मुलामागे मूळ दर होता १०,१७७ डॉलर, हायस्कूलला १२,१४४. हा दर गुणिले हजेरीची सरासरी. वर्षात शाळा भरते १८० दिवस, म्हणजे चौथीतलं एक मूल एक दिवस घरी राहिलं की साधारण साडेछप्पन्न डॉलर गेले.

आम्ही २०२४ च्या डिसेंबरमध्ये पुण्याला गेलो होतो, माझ्या मावसभावाचं लग्न. सुट्टी दोन आठवड्यांची, पण तिकिटं सुट्टीच्या आधी निघालं तर स्वस्त, परत येताना आजी म्हणाली संक्रांत करून जा, असं करत करत मुलीचे शाळेचे बारा दिवस बुडाले. मी शाळेला ईमेल केली होती, बाईंना सांगितलं होतं, अभ्यास आम्ही करून घेऊ म्हटलं होतं, आणि मला वाटलं झालं. परत आल्यावर ऑफिसच्या काउंटरवर एक कागद द्यायला गेले तर तिथल्या अटेंडन्स क्लार्क बाईंनी चष्मा वर करून स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि हळूच म्हणाल्या, जायच्या आधी एक फॉर्म भरला असतात ना, तर हे दिवस आम्हाला धरता आले असते. रागावल्या नव्हत्या. त्यांनी तिथेच कॅल्क्युलेटरवर गुणाकार करून दाखवला, बारा गुणिले साडेछप्पन्न, ६७८ डॉलर. त्याच महिन्यात आमच्या शाळेत पालकांनी लायब्ररीच्या पुस्तकांसाठी वर्गणी गोळा केली होती आणि त्यात मी २५ डॉलर दिले होते. ते दोन आकडे शेजारी शेजारी बघून मला खरंच वाईट वाटलं, आणि त्या दिवसापासून मी हे सगळं वाचायला लागले.

बरं, ६७८ डॉलर ही एका मुलाची गोष्ट. पूर्ण शाळा घ्या. समजा पाचशे मुलं, सगळी चौथी ते सहावीची. हजेरी ९५ टक्के असेल तर सरासरी ४७५ मुलं, पैसे येतील ४८ लाख ३४ हजार डॉलर. हजेरी ९० टक्क्यांवर घसरली तर ४५० मुलं, पैसे ४५ लाख ७९ हजार. फरक अडीच लाख डॉलरच्या वर. पण शाळेचा खर्च किती कमी झाला? काहीच नाही. पन्नास मुलं गैरहजर आहेत ती काही एका वर्गातली नसतात, एकेका वर्गातली दोन-दोन तीन-तीन, त्यामुळे वर्ग तेवढेच, शिक्षक तेवढेच, दिवे-हीटर तेवढेच, बस तीच त्याच रस्त्याने जाणार. उलट काम वाढतं, कारण जे मूल मंगळवार-बुधवार आलं नाही त्याला गुरुवारी बाईंना अपूर्णांक परत शिकवावे लागतात आणि बाकीचा वर्ग तोपर्यंत थांबतो.

इथे मला माझ्या आईची शाळा आठवते. आई सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आता रिटायर झाली. रोज सकाळी हजेरी झाली की पहिलं काम म्हणजे तांदूळ काढून देणं. पहिली ते पाचवीला मुलामागे शंभर ग्रॅम, सहावी ते आठवीला दीडशे. तिच्याकडे खालचे वर्ग, हजर ३४ असतील तर तीन किलो चारशे ग्रॅम, काट्यावर मोजून खिचडी करणाऱ्या मावशींच्या पातेल्यात, आणि लगेच रजिस्टरला नोंद. ४२ चा तांदूळ काढायचा नाही, कारण आठ जण जेवायला नाहीत. त्याच शाळेत शिक्षक किती मंजूर करायचे हे मात्र पटावर ठरायचं, त्याला संचमान्यता म्हणतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे खालच्या वर्गांना साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टपासून नव्वदपर्यंत तीन, असं. आज आठ मुलं आली नाहीत म्हणून मास्तरांना अर्धा दिवस घरी पाठवलं असं कोणी करत नाही.

माझ्या मते या सगळ्या किचकट विषयाची किल्ली याच्यात आहे. जो खर्च रोज मुलागणिक बदलतो तो हजेरीवर मोजा, जो खर्च वर्षाच्या सुरुवातीलाच ठरून जातो तो पटावर मोजा. तांदूळ हजेरीवर, मास्तर पटावर. गंमत म्हणजे अमेरिकेतही जेवणाचा हिशोब असाच आहे, शाळेने जितकी जेवणं प्रत्यक्ष दिली तितक्याचे पैसे सरकार देतं, आणि ते कोणालाच खटकत नाही. कॅलिफोर्नियाने मास्तरसुद्धा तांदळासारखा मोजायला घेतलाय, तिथे गाडी अडलीय.

आणि हे नेहमी इतकं कडक नव्हतं. १९९८ च्या आधी कॅलिफोर्नियात मूल आजारी असेल, घरच्यांनी चिठ्ठी दिली असेल, म्हणजे कारणाने गैरहजर असेल, तर तो दिवस निधीसाठी हजर धरायचे. मग १९९७ मध्ये कायदा बदलला आणि १९९८-९९ च्या वर्षापासून फक्त प्रत्यक्ष हजेरी. ताप असो, कांजिण्या असोत, घरात कोणी गेलेलं असो, गैरहजर म्हणजे गैरहजर. तेव्हा दर थोडे वाढवून दिले, म्हणजे एकंदर शाळांचं नुकसान होऊ नये अशी सोय केली, पण ज्या भागात मुलं जास्त आजारी पडतात तिथे फटका बसायचा तो बसलाच.

आता मूल घरी का राहतं याचा विचार करा. दमा आहे आणि औषध संपलंय. आई रात्रपाळी करून आलीय, सोडायला कोणी नाही, बस चुकली. धाकट्याला ताप आणि आईला सुट्टी मिळत नाही म्हणून थोरली घरी थांबली. घर बदलावं लागलं, आता शाळा दोन बस बदलून. ही सगळी कारणं गरिबाघरची आहेत, आणि त्यामुळे गैरहजेरी जास्त कुठे तर गरीब वस्तीतल्या शाळांत. त्यात परत त्या २०१३ च्या सूत्राचा मूळ हेतूच असा आहे की गरीब घरातली मुलं, इंग्रजी अजून शिकत असलेली मुलं, फॉस्टर केअरमधली, म्हणजे सरकारने दुसऱ्या घरी सांभाळायला ठेवलेली मुलं, यांच्यासाठी मूळ दराच्या वर २० टक्के जास्त द्यायचे, आणि अशी मुलं ५५ टक्क्यांच्या पुढे गेली तर आणखी वेगळं अनुदान. हेतू अतिशय चांगला, मनापासून पटणारा. पण हे जास्तीचे पैसेसुद्धा शेवटी हजेरीनेच गुणले जातात. म्हणजे एका हाताने द्यायचं, कारण मुलं अडचणीत आहेत, आणि दुसऱ्या हाताने त्यातलं काढून घ्यायचं, कारण अडचणीमुळे मुलं आली नाहीत. मला हे वाचल्यावर दोनदा तपासून बघावं लागलं की मी बरोबर समजतेय ना.

कोविडनंतर हे सगळं फार उघडं पडलं. वर्षातले दहा टक्के किंवा जास्त दिवस, म्हणजे १८० पैकी अठरा किंवा जास्त दिवस जे मूल गैरहजर असतं त्याला इथे दीर्घकाळ गैरहजर धरतात. अशी मुलं कॅलिफोर्नियात २०१८-१९ साली १२ टक्के होती. २०२१-२२ मध्ये ती ३० टक्क्यांवर गेली. दहातली तीन मुलं! कारण खोकला आला तरी घरी ठेवा असं सरकारच सांगत होतं, आणि पालकांनी ऐकलं. मग हळूहळू उतरत २०२३-२४ मध्ये २० टक्क्यांच्या थोडं वर आली, पण आधीच्या जागी अजून नाहीत. राज्यभराची हजेरी कोविडच्या आधी पटाच्या ९५ टक्क्यांच्या आसपास असायची, ती त्या काळात ९० पर्यंत खाली आली. वरचं पाचशे मुलांचं उदाहरण मी उगाच नव्हतं घेतलं.

काही प्रसंगात तर शाळेचा किंवा पालकाचा काही दोषच नसतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये उत्तरेला पॅराडाइज गावात ती भयंकर आग लागली, त्याचा धूर बे एरियापर्यंत, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागापर्यंत आला आणि १६ नोव्हेंबरला इथल्या कितीतरी शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशा आणीबाणीसाठी एक अर्ज आहे, जे-१३ए नावाचा, तो भरून स्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने, राज्याला सांगायचं की आमची हजेरी का पडली, मग ते दिवस माफ होऊ शकतात. हे आगीला, पुराला ठीक आहे. भीतीचं काय? २०२५ च्या जानेवारीत सेंट्रल व्हॅलीत, म्हणजे राज्याच्या मधल्या शेतीपट्ट्यात, इमिग्रेशनच्या धाडी पडल्या, त्यानंतर स्टॅनफर्डचे प्राध्यापक थॉमस डी यांनी तिथल्या पाच डिस्ट्रिक्टमधली हजेरी तपासली तर गैरहजेरी २२ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि सगळ्यात जास्त लहान मुलांची. द्राक्षं-बदाम तोडणाऱ्या मजुरांची मुलं आहेत ही. आई-बाप घराबाहेर पडायला घाबरले, मुलं घरी राहिली, शाळेची सरासरी पडली.

हे वाचताना मला आपल्याकडचे ऊसतोड कामगार आठवल्याशिवाय राहत नाहीत. बीडकडून दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात, पोरंबाळं बरोबर, आणि कारखाने बंद होईपर्यंत फडावर. गावातल्या शाळेत पटावर नाव आहे, बाकावर मूल नाही. तिथे जर शिक्षकांची संख्या रोजच्या हजेरीवर ठरवली असती तर मूल मार्चमध्ये परत येईपर्यंत त्याचा शिक्षकच गेलेला असता. हंगामी वसतिगृहं काढतात ती याच्यासाठीच, की मूल गावात राहावं. मूल परत येणार आहे आणि त्याची जागा राखून ठेवायची आहे हे पट सांगतो.

पण थांबा, दुसरी बाजू आहे आणि ती भक्कम आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे गेले तर मी अर्धवट समजावलं असं होईल.

पट हा शेवटी कागदावरचा आकडा आहे. तो फुगवता येतो. हे महाराष्ट्राइतकं कोणाला माहीत असेल? आधी नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना पट तपासला गेला आणि खोटी नावं निघाली, मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ असे तीन दिवस अख्ख्या राज्यात एकदम पटपडताळणी झाली. एकाच वेळी, म्हणजे या शाळेतली मुलं उचलून त्या शाळेत दाखवता येऊ नयेत. मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावली, मतदानाला लावतात तशी. आई सांगते, तिच्या वर्गातली पहिलीची मुलं दिवसभर ते बोट वर धरून फिरत होती, धुतलं तरी जाईना म्हणून खूश. त्या तीन दिवसांत राज्यात वीस लाखांच्या आसपास मुलं अशी निघाली की पटावर आहेत पण कुठेच नाहीत. त्यांच्या नावावर शिक्षकांची पदं, तुकड्या, अनुदान, गणवेश, तांदूळ. प्रामाणिकपणे घरोघर फिरून पट भरणाऱ्या शिक्षकांनाही तेव्हा चोरासारखं उभं राहावं लागलं, आई त्याबद्दल आजही बोलायला लागली की तिचा आवाज बदलतो. नंतर सगळं ऑनलाइन झालं, मुलाचं आधार जोडलं गेलं, आणि आता उलटा त्रास असा की मूल रोज शाळेत येतंय पण आधार जुळत नाही म्हणून संचमान्यतेत धरलं जात नाही.

दुसरा मुद्दा असा की हजेरीवर पैसे असले की शाळा मुलाच्या मागे लागते. मुलगी आली नाही की सकाळी दहाच्या आत माझा फोन वाजतो, चार दिवस झाले की पत्र येतं, कुठे कुठे माणूस घरी येऊन विचारतो. आता जे लोक म्हणतात की हजेरीवरचे पैसे काढले तर हे फोन बंद होतील, त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. मूल शाळेत आलं तरच शिकणार हे तर खरंच आहे. पण त्यावर माझं उत्तर असं, की फोन करायला, घरी जायला, दम्याच्या औषधाची सोय लावायला माणूस लागतो आणि त्या माणसाला पगार लागतो, आणि हजेरी पडली की पहिल्यांदा कापली जातात ती असली पदं, नर्स, समुपदेशक, अटेंडन्सचा माणूस. म्हणजे औषधाची गरज वाढली की औषधाचे पैसे कमी.

बरं पट मोजायचा म्हटला तर तो कसा मोजायचा यातही फरक आहेत, आणि लोक इथे गोंधळतात. एक पद्धत म्हणजे एकच दिवस ठरवायचा आणि त्या दिवशी मोजायचं. मिशिगनमध्ये तसं आहे, ऑक्टोबरमध्ये एक दिवस आणि फेब्रुवारीत एक, ऑक्टोबरच्या आकड्याला खूप जास्त वजन. मग होतं काय, त्या दिवशी शाळेत पिझ्झा पार्टी, बक्षिसं, सगळी मुलं हजर, आणि नंतर कोणी विचारत नाही. दुसरी पद्धत म्हणजे पटाचीच वर्षभराची सरासरी काढायची. रोज पटावर किती नावं आहेत ते धरायचं, मूल खरंच शाळा सोडून गेलं तर त्या दिवसापासून नाव कमी, नवीन आलं तर त्या दिवसापासून जास्त, पण पडसं झालं म्हणून कमी नाही. मला विचाराल तर ही दुसरी पद्धत सगळ्यात न्याय्य आहे, फक्त सोबत एक नियम हवा की इतके इतके दिवस मूल सलग दिसलंच नाही तर शोध घ्यायचा आणि सापडलं नाही तर नाव काढायचं, आणि अधूनमधून बाहेरच्या माणसाने येऊन मोजायचं. शाई नको, पण मोजणी हवी.

आता सगळ्यात अवघड गाठ, जी बहुतेक चर्चांमध्ये कोणी नीट सांगत नाही. कॅलिफोर्नियात शिक्षणाला एकूण कमीत कमी किती पैसे द्यायचे हे १९८८ च्या एका मतदानाने ठरलेल्या नियमावर चालतं, प्रपोझिशन ९८. म्हणजे पातेलं एक, आमटी साधारण ठरलेली, प्रश्न फक्त वाढायचं कसं. समजा दोन डिस्ट्रिक्ट आहेत, दोन्हीकडे पट हजार हजार. पहिल्यात हजेरी ९७ टक्के, दुसऱ्यात ८८. दर मुलामागे दहा हजार डॉलर धरू. आज पहिल्याला मिळतात ९७ लाख, दुसऱ्याला ८८ लाख, एकूण १८५ लाख. उद्या म्हटलं की पटावर द्या आणि आमटी तेवढीच ठेवली, तर दोघांना साडेब्याण्णव लाख. दुसऱ्याचे साडेचार लाख वाढले, पहिल्याचे साडेचार लाख गेले. पहिल्याचे पालक गप्प बसतील का? आणि पहिल्याचं काही न काढता दोघांनाही हजारच्या हजार मुलांचे द्यायचे म्हटलं तर आणखी बारा लाख लागतात दुसऱ्याला आणि तीन पहिल्याला, म्हणजे पातेल्यात पंधरा लाखांची नवीन आमटी ओतायची. ती राज्याच्या बजेटमध्ये दुसऱ्या कशातून तरी यावी लागते. म्हणून हा बदल सगळ्यांना बोलायला आवडतो आणि करायला कोणी धजत नाही.

आणि इथे आपण मराठी मंडळींनी स्वतःशी खरं बोलायला पाहिजे. आपल्यातले जे पालक घरं घेताना आधी शाळेचं रेटिंग बघतात, त्यांच्या शाळांची हजेरी बहुतेक करून त्या पहिल्या डिस्ट्रिक्टसारखी असते. आमटी न वाढवता पद्धत बदलली तर आपल्या मुलांच्या शाळेचं थोडं कमी होऊ शकतं. मी तरीही बदलाच्या बाजूने आहे. काही गावांत तर हा प्रश्नच येत नाही, उदाहरणार्थ पालो आल्टो, तिथे घरांवरचा स्थानिक करच इतका गोळा होतो की सूत्राने ठरलेल्या रकमेच्या वर जातो आणि वरचा पैसा त्यांच्याकडेच राहतो. तिथलं मूल महिनाभर भारतात गेलं तरी शाळेच्या पैशांत जवळजवळ काही फरक पडत नाही. जवळच्याच दुसऱ्या गावात, जिथे घरभाड्यासाठी दोन कुटुंबं एका अपार्टमेंटमध्ये राहतात, तिथे मात्र मुलाच्या तापाचा हिशोब दिवसागणिक होतो.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं चूक होईल. २०२२ मध्ये अँथनी पोर्टांटिनो या सेनेटरनी विधेयक आणलं होतं, सेनेट बिल ८३०, की हजेरी आणि पट यातला जो फरक आहे तेवढे पैसे वेगळे द्या आणि त्यातला एक हिस्सा गैरहजेरी कमी करण्यावरच खर्च करायला लावा. मला हा मार्ग चांगला वाटला होता कारण कोणाचं काढून घ्यायचं नव्हतं. ते मंजूर झालं नाही. त्याच वर्षी बजेटमध्ये एवढं झालं की एकाच वर्षाची हजेरी धरायच्या ऐवजी चालू वर्ष, मागचं वर्ष किंवा आधीच्या तीन वर्षांची सरासरी, यातलं जे जास्त असेल ते धरायचं, त्यामुळे शाळांना एकदम खड्ड्यात पडण्याऐवजी उतारावरून उतरायला मिळालं. मग २०२४ मध्ये आणखी एक कायदा झाला आणि विधिमंडळाच्या स्वतंत्र विश्लेषण कार्यालयाला सांगितलं की पटावर गेलो तर काय होईल याचा अभ्यास करा. आणि जुलै २०२५ पासून शाळांना बुडालेले दिवस भरून काढायची सोय आहे, शनिवारी किंवा शाळा सुटल्यावर शिक्षकाच्या हाताखाली वर्ग घ्यायचे, एका मुलाचे वर्षाला जास्तीत जास्त दहा दिवस परत धरता येतात. यात मुलाचा अभ्यासही भरून निघतो, म्हणून मला हे नुसत्या सूत्रातल्या खटपटीपेक्षा बरं वाटतं.

तोपर्यंत इथे राहणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट, जी मला कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. भारतात जायचं ठरलं की तिकीट काढल्याबरोबर शाळेच्या ऑफिसात जा आणि इंडिपेंडंट स्टडीबद्दल विचारा. सहसा जायच्या आधी करार करायचा असतो, पालक, शिक्षक आणि मूल, सगळ्यांच्या सह्या, आणि शिक्षक त्या दिवसांचं काम बांधून देतात. ते काम पूर्ण करून वेळेत परत दिलं की ते दिवस शाळेला हजेरीत धरता येतात. किती दिवसांपर्यंत, किती आधी सांगायचं, हे प्रत्येक डिस्ट्रिक्टचं वेगळं असतं, काही ठिकाणी देतच नाहीत, म्हणून आधी विचारा. अर्धवट काम दिलं तर अर्धेच दिवस धरतात.

या खेपेला आम्ही आईकडे गेलो तेव्हा मी महिनाभर आधी त्याच काउंटरवर गेले. बाईंनी पिवळं पाकीट दिलं, आठ दिवसांचं काम, वर मुलीचं नाव. सोलापूरला दुपारी गच्चीखालच्या खोलीत आई तिच्याकडून ते सोडवून घ्यायची, इंग्रजीतलं गणित मराठीतून समजावून, आणि झालेल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात सवयीने तारीख घालायची. परत आल्यावर क्लार्क बाईंनी पानं मोजली आणि त्या तारखांकडे बोट करून विचारलं, हे कोणाचं अक्षर?